अनडेफच्या जागी

आईच्या आजारपणात ललिता गोडबोलेची नोकरी सुटली, ती सुटलीच. मधली वर्षं कोथरूडमध्ये प्रोग्रॅमिंगच्या शिकवण्या घेण्यात गेली. पंचेचाळिशीला खराडीतल्या एका कंपनीने तिला कंपायलरच्या टीममध्ये घेतलं, तेव्हा तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम.

पहिलं काम मिळालं ते भागाकार जलद करण्याचं. सुधारणा झाली, आता ती पारखणारी टेस्ट हवी. जुन्या टेस्ट पाहून तिनेही भागायच्या संख्येच्या जागी ‘अनडेफ’ लिहिलं. म्हणजे किंमत ठरलेलीच नाही, कंपायलरने हवी ती धरावी. टेस्ट पास झाली. ललिता खूश!

काम तपासायला होता जयसिंग तुपे. मांजरी गावचा, वयाने तिच्याहून लहान, पण टीममध्ये जुना.

“ताई, अनडेफ काढा. ते आता बाद होत चाललंय.”

“पण जुन्या टेस्टमध्ये सगळीकडे आहे की!” ललिताला लागलंच ते.

“जुन्या पेठेत गटारंही उघडी होती. म्हणून नव्या सोसायटीत ठेवायची का?”

 मग खुर्ची ओढून तो शेजारी बसला. “हे बघा. किंमत काहीही चालेल म्हटल्यावर कंपायलरने शून्य धरलं. शून्याला कशानेही भागा, शून्यच; म्हणून त्याने भागाकारच उडवून टाकला. तुमचा कोड चाललाच नाही. पास झाली ती रिकामी टेस्ट. संख्या बाहेरून येऊ द्या, मग कंपायलरला अंदाज बांधता येणार नाही.”

तिने तसं केलं आणि टेस्ट धाडकन पडली. उणे सातला आठाने भागून अपूर्णांक सोडून दिला की शून्य यायला हवं, तिचा कोड उणे एक देत होता.  हे असंच पुढे गेलं असतं, तर किती जणांचे हिशेब चुकले असते!

दुपारपर्यंत तिने चूक दुरुस्त केली. जयसिंगने पुन्हा सगळं तपासलं आणि मान डोलावली.

“तुम्ही नसता तर पहिल्याच कामात माझं हसं झालं असतं,” ती म्हणाली. 

“मलाही कुणीतरी असंच बसून दाखवलं होतं, ताई. चहा घेणार?”

कोडसोबत जोडायच्या बदलाच्या वर्णनात ललिताने आभार मानून त्याचं नाव लिहिलं. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला: ‘याची गरज नव्हती. पण तुपे बरोबर लिहिलंत, बहुतेक जण टोपे करतात.’