शालिनीताईंचे अंगण आणि शनिवारची शांतता

शालिनीताई परांजपे यांची पहिली ओळख मला पाठमोरी झाली. कॅनडातल्या मिल्टनमध्ये आम्ही नवे घर घेतले त्या शनिवारी शेजारच्या लॉनवर त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या. समोर त्यांचे यजमान, अप्पा, गवतात आडवे. बाजूला गवत कापायचा मोअर अजून धडधडत होता. "ॲम्ब्युलन्स येतेय. तुम्ही आधी ते मशीन बंद करा," ताई म्हणाल्या. आवाज स्थिर होता.

अप्पा वाचले. डॉक्टरांनी मोअर ढकलायला सक्त मनाई केली. पण आपल्या लोकांना इथे हार्ट अटॅकपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेची भीती जास्त. आपले गवत चार बोटे वाढले की भारताची मान खाली जाते, अशी अप्पांची ठाम समजूत. गवत कापायला माणूस बोलावला तर त्याला ते दारातूनच परत पाठवत. "मी काय मेलोय का?" असे ते सहज विचारत. शनिवार उजाडला की ताईंचा कान मोअर ठेवलेल्या गराजच्या दाराकडे.

आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेल्या ताईंनी शेवटी दुखणे मुळापासूनच काढायचे ठरवले. गवतावर खोक्यांचे पुठ्ठे अंथरले, वर माती टाकली आणि रांगत्या थाइमची रोपे लावली. ओव्यासारख्या वासाची ही वनस्पती जमिनीलगत पसरते. कापावी लागत नाही. अप्पा हादरले.

"आणि गणपतीला दूर्वा? त्या काय ग्रोसरीत मिळणार?"

ताईंनी कोपऱ्यात पाटाएवढे गवत राखले होते. अप्पांच्या हाती कात्री देत त्या म्हणाल्या, "हे तुमचं लॉन. बसून कापायचं."

मग कुणीतरी तक्रार केली. टाउनचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस आला आणि उघडी माती पाहून म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जमीन झाकली नाही तर आम्हीच गवत बसवू.

"गवत परत येईल, एवढंच ना?" मी म्हटले.

"गवताबरोबर मोअर येईल, मिलिंद," ताई म्हणाल्या. "आणि मोअरमागे हे."

तो हिवाळा दोन्ही घरांनी धास्तीत काढला. "बर्फ शोव्हल करताना तो वितळवायचं मीठ आमच्या बाजूला उडवू नकोस हं, रोपं मरतील," ताई खिडकीतून बजावत. उभ्या हयातीत कुणाच्या जखमेवर मीठ चोळायची संधी न सोडलेला मी, तेव्हा प्रथमच मीठ जपून टाकायला शिकलो.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला, आणि खाली नुसत्या तपकिरी काटक्या. गराजचे दार वर गेले. अप्पा मोअर बाहेर काढून पुसत होते. "नुसतं ऑइल चेक करतोय."

ताई गुडघ्यांवर बसल्या आणि एका काटकीची साल नखाने खरवडली. मग शेजारची. मी कुंपणापाशी टक लावून उभा. अखेर एका सालीखाली हिरवी रेघ दिसली.

"अहो, ते आत ठेवा," त्यांनी हाक मारली. "हे जिवंत आहे."

अप्पांनी मोअर आत ठेवला. उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी माती झाकली. टाउनचा माणूस पाहून गेला. पुढे ताईंनी निम्म्या गल्लीला रोपे वाटली. तक्रार कुणाची होती, हे त्यांनी कधी विचारले नाही. मी विचारले असते, आणि माझ्या सदरात छापलेही असते.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. शनिवारी सकाळी आता माझाही कान तिकडे जातो. शांतता फार लांबली की छातीत धडधडते. मग कात्रीची कचकच ऐकू येते, आणि पाठोपाठ अप्पा: "या मधमाश्यांना कुणी बोलावलं?"

ताई, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि ती कात्री तुमच्या कानी पुष्कळ वर्षे पडत राहो.