बधिर कातडीवरचा करंट

सुनयना कदम कबड्डीत डाव्या कोपऱ्यात खेळायची. तिनं घोटा पकडला की चढाईला आलेली मुलगी सहसा सुटत नसे. वडील खंडेराव फौजेत सुभेदार, त्यामुळे ती वाढली दिल्ली कॅन्टॉनमेंटच्या क्वार्टरमध्ये. तेविसाव्या वर्षी, पोलीस संघाच्या निवड चाचणीला आठ महिने असताना, तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. टाक्यांच्या बाजूची तळहाताएवढी कातडी तेवढी बधिर राहिली. सर्जन म्हणाले, असं होतं, हळूहळू जाईल.

दिल्लीतल्याच मुनिरका भागातल्या एका फिजिओ सेंटरमध्ये ती व्यायामाला जाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या फिजिओ केतननं गुडघ्याला पॅड चिकटवून करंटचं मशीन लावलं.

"कुछ महसूस हो रहा है?"

"नहीं. वहाँ स्किन सुन्न है, भैया."

"इसीलिए तो बढ़ा रहा हूँ," म्हणत त्यानं बटण आणखी फिरवलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला.

वीस मिनिटांनी पॅड निघाले तेव्हा खाली दोन लालभडक चट्टे होते. केतननं मलम चोपडलं. चौथ्या दिवशी तिथली कातडी काळी पडली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून सुनयना व्यायाम करत राहिली. पू झाला, ताप चढला, तेव्हा कुठे सर्जनकडे नेलं. मांडीची कातडी काढून गुडघ्यावर लावावी लागली. महिनाभर पाय वाकवायचा नाही असा हुकूम झाला. तेवढ्या काळात गुडघा आखडला, तो पुरता कधी वाकलाच नाही. चाचणी तिच्याशिवाय झाली.

खंडेराव सेंटरवर गेले. मॅनेजरनं पहिल्या दिवशी सही घेतलेला फॉर्म पुढे केला. "साइड इफेक्ट लिखे हैं, अंकल. साइन बेटी की है."

खरंच लिहिलं होतं, बारीक इंग्रजी अक्षरांत.

"कम से कम माफी तो माँगो," खंडेराव म्हणाले.

मॅनेजर फोनवर बोलू लागला. आत केतन कुणाच्या तरी खांद्याला पॅड लावत होता.

आता सुनयना गुरुग्रामच्या एका ऑफिसात रिसेप्शनवर बसते. परवा गावाकडच्या आत्याचा फोन आला. खंडेराव सांगत होते, "खेळ सोडला तिनं. मनच उडालं."

फोन ठेवल्यावर सुनयना म्हणाली, "बाबा, मी सोडला नाही."

"मग काय सांगू? मशीननं भाजली म्हणून? मशीन चालू असताना बधिर आहे एवढंही सांगितलं नाहीस का, असं म्हणतील."

"सांगितलं होतं मी."

खंडेरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.