ऑर्तान्सा मावशी वर बघत नाही

ऑर्तान्सा ड्रागुलेस्कु राष्ट्रीय महिला जिम्नॅस्टिक्स संघाबरोबर अर्धा युरोप फिरली होती, पण हवेतली कोलांटी तिने धडपणे पाहिली होती ती फक्त पहिल्या तीन दिवसांत. तेवढ्यातच तिला कळून चुकलं, की हे बघणं आपल्याला परवडायचं नाही.

ती संघाची पियानोवाली. फ्लोअरच्या वेळी मुलगी गालिच्यावर नाचते, उड्या घेते, आणि कोपऱ्यात बसून कुणीतरी तिच्यासाठी पियानो वाजवायचा, असा तेव्हाचा रिवाज होता. त्याआधी ऑर्तान्सा वालेनी गावच्या संगीत शाळेत मुलांना सरगमीचे धडे द्यायची आणि मुलं तिला जांभया द्यायची. संघाचा सराव गावाच्या वरच्या अंगाला, लाकडाच्या वखारीपलीकडच्या हॉलमध्ये चाले. तिथली आधीची बाई बाळंतपणाला गेली, म्हणून मुलींना कसरत शिकवणाऱ्या त्रांदाफिर मास्तरांनी हिला बोलावून घेतलं. पहिल्याच सकाळी एक चिमुरडी धावत आली, उलटी झाली, आणि छताखाली कुठेतरी गोल फिरून, जणू काही घडलंच नाही अशी, परत पायांवर उभी राहिली. ऑर्तान्साचे हात पट्ट्यांवरून उचलले गेले ते हवेतच राहिले. हॉल चिडीचूप.

"काय झालं बाई? पियानो बिघडला?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो. ती वर गेली होती."

"वर जाणं हे तिचं काम. तुमचं काम वाजवणं. तिने कधी तुमचा पियानो ऐकत वरच थांबायचं ठरवलं तर?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. मुलगी जमीन सोडायची आणि ऑर्तान्साची बोटं सूर सोडायची. मास्तर नवी बाई शोधायला लागले. तेव्हा तिने स्वतःच एक उपाय काढला, गुडघ्यांच्या वर बघायचंच नाही. पायांना सगळं कळतं. टाचा उचलल्या की मुलगी पळणार. पाय नाहीसे झाले की ती वर गेली. पाय धपकन परत आले की तिथे ठोका द्यायचा. मधल्या वेळात ऑर्तान्सा गालिच्यावरच्या रिकाम्या जागेकडे नजर लावून वाजवत राही, स्टेशनमास्तर रिकाम्या रुळांकडे बघत उभा राहतो तशी.

उपाय लागू पडला. पुढे कित्येक वर्षं ती एक ठोका चुकली नाही. संघातल्या कुठल्याही मुलीला ती घोट्यावरून ओळखायची. चेहऱ्यावरून ओळखायला मात्र कधीकधी वेळ लागे. तिचा नवरा कोस्ताके वखारीत कामाला होता. मक्याच्या पिठाच्या मामालिग्याचा गोळा ताटात वाढून घेताना तो म्हणायचा, "वर्षानुवर्षं नुसते पाय बघतेस. एखाद्या चांभाराशी लग्न करायला हवं होतंस."

"बघितले होते एक-दोन," ती म्हणायची. "तुझ्या बुटांची दया आली."

संघात झाम्फिरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी होती. काटकुळी, हट्टी, उजव्या पायाची करंगळी वाकडी. तिने शेवटच्या धावेसाठी दुहेरी कोलांटी बसवायला घेतली होती, म्हणजे एकाच उडीत हवेत दोनदा फिरायचं. सरावाच्या सुट्टीत ती पियानोला टेकून उभी राहायची आणि हातांना लावलेल्या खडूच्या भुकटीने पट्ट्या पांढऱ्या करून ठेवायची.

"मावशी, ते कसं दिसतं हो?"

"काय?"

"मी वर असते तेव्हा. मला कसं कळणार? आरशात बघावं म्हटलं तर तोवर मी खाली आलेली असते. मास्तरांना विचारलं तर म्हणतात, गुडघे उघडे राहिले."

"झकास दिसतं," ऑर्तान्सा म्हणायची आणि पट्ट्या पुसायला घ्यायची. पोरगी खूश होऊन जायची. आपण न बघितलेल्या गोष्टीचं कौतुक विकतो आहोत, हे ऑर्तान्साला खुपत असे. पण खरं सांगायचं तर काय सांगायचं?

त्या वर्षी वसंतात बुखारेस्टहून कॉम्रेड स्त्रुगारू आले. संघाचा कारभार पाहणाऱ्या कचेरीतले हे गृहस्थ. त्यांच्याबरोबर एक टेपरेकॉर्डर होता, आणि तो ते नवजात बाळासारखा दोन्ही हातांनी धरून चालत होते.

"जग पुढे गेलं आहे," ते म्हणाले. "पियानोला ट्रकची जागा लागते. पियानोवालीला विमानात जागा लागते. ही पेटी माझ्या मांडीवर मावते, आणि ती चुकत नाही."

"आणि ती थांबते का?" त्रांदाफिर मास्तरांनी विचारलं.

"कशासाठी थांबेल?"

मास्तरांनी झाम्फिराकडे बोट दाखवलं. दुहेरी कोलांटीआधी ती कोपऱ्यात उभी राहून दम आणि धीर गोळा करायची. कधी पटकन व्हायचं, कधी नाही. स्पर्धेत मास्तर बाहेरून एक शब्द बोलले तरी गुण कापतात. तिथे तिच्याशी बोलू शकतो तो एकटा पियानो. ऑर्तान्सा तिथला सुरांचा तुकडा घोळवत राहायची, आणि टाचा उचलल्या की तिला सोडायची.

स्त्रुगारूंनी पेटीकडे पाहिलं, मग ऑर्तान्साकडे. "बुखारेस्टच्या स्पर्धेत वाजवा. एकही सूर चुकला नाही तर बाई राहतील. चुकला, तर पेटी."

घरी कोस्ताके म्हणाला, "म्हणजे आता वीज गेली तरच तुला बोलावतील." तिला हसू आलं नाही, तेव्हा त्याने तिच्या ताटात कोबीच्या पानातल्या सार्मालेची आणखी एक गुंडाळी वाढली.

बुखारेस्टचा हॉल गच्च भरला होता. रशियन पुढे होत्या, हंगेरियन मागे लागल्या होत्या. आपल्या संघाचा शेवटचा प्रकार फ्लोअर, आणि त्यातही सगळ्यांत शेवटी झाम्फिरा. ऑर्तान्साने स्टूल पुढे ओढलं आणि त्या वाकड्या करंगळीवर नजर ठेवली. पहिली धाव, पाय गेले, पाय आले. दुसरीही तशीच. मग झाम्फिरा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

टाचा जमिनीवरच होत्या. ऑर्तान्साने तुकडा एकदा घोळवला. टाचा हलल्या नाहीत. पुन्हा घोळवला, मधे दोन सूर नवे घातले, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की हे असंच बसवलेलं आहे. पंचांच्या टेबलाशेजारी स्त्रुगारू पुढे झुकले. पेटी असती तर एव्हाना गाणं संपत आलं असतं आणि पोरगी कोपऱ्यातच राहिली असती. ऑर्तान्साने तिसऱ्यांदा तोच तुकडा धरला, अगदी हलक्या हाताने, घाबरलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.

टाचा उचलल्या.

ऑर्तान्साने तिला सोडलं. पाय धावले, हात टेकले, पाय पुन्हा टेकले आणि नाहीसे झाले. ती रिकाम्या जागेकडे बघत वाजवत राहिली. ठोक्याची जागा आली.

पाय आले नाहीत.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाय वेळेवर आले नाहीत याचा तिला एकच अर्थ ठाऊक होता, आणि त्या भीतीनेच तिची मान वर झाली.

झाम्फिरा अजून वरच होती. दिव्यांच्या उजेडात, गुडघे छातीशी धरून, पहिला फेरा संपवून दुसऱ्यात शिरत होती. आणि तिला कसलीच घाई नव्हती. एवढंसं अंग, सकाळी दह्याच्या वाटीसाठी भांडलेलं. ते तिथे असं होतं, की जमीन ही बाकीच्यांनी आपल्या सोयीसाठी मानून घेतलेली गोष्ट वाटावी. ऑर्तान्साच्या डोळ्यांत पाणी आलं. हात कुठे होते, ते तिला माहीत नव्हतं.

पाय आले. धप्प. दोन्ही एकदम, एक केसभरही न सरकता. झाम्फिरा हात वर करून उभी राहिली, आणि हॉलमध्ये पियानोचा एकही सूर नव्हता. मग लोक उठले आणि छत खाली येतंय की काय असा आवाज झाला.

संगीत आणि कसरत एकत्र संपली नाहीत, म्हणून पंचांनी थोडे गुण कापले. संघ दुसरा आला. कापले नसते तरी दुसराच आला असता. स्त्रुगारू पियानोपाशी आले. ते चिडलेले नव्हते, उलट जरा हळुवारच बोलले.

"यंत्राला डोळे नसतात, बाई."

"खरं आहे," ऑर्तान्सा म्हणाली आणि पियानोचं झाकण लावलं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर झाम्फिराने तिला गाठलं. गळ्यात पदक, हातांना अजून खडू.

"मावशी, पियानो का थांबला? मला वाटलं मी पडलेच!" मग तिने ऑर्तान्साचे डोळे बघितले. "तुम्ही वर बघितलंत?"

"हो."

"माझ्याकडे याआधी कधीच नाही?"

"नाही."

पोरगी यावर रागावेल असं वाटलं होतं. ती जवळ सरकली. "मग सांगा ना. कसं दिसतं?"

झकास हा शब्द ऑर्तान्साच्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला.

"पियानो थांबला ना?" ती म्हणाली. "तसं."

झाम्फिराने पदकाची फीत बोटाला गुंडाळली. तिने तो थांबलेला पियानो मनातल्या मनात पुन्हा ऐकला असावा.

"बराच वेळ थांबला होता की," ती हळूच म्हणाली.