वारा पडण्याच्या वेळेची उजळणी

कचेरीच्या ओट्यावर माझे उतरते मेज मांडल्यास आता पंचवीस वर्षे होत आली. या अवधीत मृत्यूची वार्ता घेऊन जी माणसे माझ्यापुढे बसली, ती सर्व वारसाचा अर्ज लिहवून घेण्यासाठी. त्यामुळे अशी वार्ता ऐकताना माझा हात कधी थांबला नाही. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी थळची चांगुणाबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन ओट्याशी उभी राहिली, तेव्हाही मी सवयीने कागद पुढे ओढून विचारले, "नाव, गाव, वय?"

"अर्ज नाय करायचा, बाबू," ती म्हणाली. "मास्तर गेलं. आज सकाली."

टाक दौतीत तसाच राहिला. ती मात्र पाटी उचलून बाजाराकडे गेली, कारण मासळी थांबत नाही.

विठ्ठल मास्तरांनी थळच्या शाळेत हयात घालविली. पत्नी फार पूर्वी निवर्तलेली, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर समुद्राच्या अंगाला एका खोलीत ते राहत. शेजारची चांगुणाबाई दोन वेळची भाकरी पोचवीत असे. शाळेत त्यांची शोकसभा झाली, तेव्हा एक वक्ते म्हणाले, "शाळेची ओढ अशी की, निवृत्तीनंतरही पुन्हा नेमणूक व्हावी म्हणून मास्तर अखेरपर्यंत अर्ज करीत राहिले. ते अर्ज लिहिणारे आमचे बाबूराव येथेच बसले आहेत." सभेने माझ्याकडे पाहिले आणि मी मान डोलविली. ते मान डोलविणे परत घेण्यासाठी हा मजकूर लिहीत आहे. मास्तरांनी असा एकही अर्ज कधी केला नाही. त्यांच्या खोलीवर जे चालत असे ते निराळेच होते, आणि ते लपविणारा मी होतो.

हकीकत अशी की, स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी असे कळले की, यापुढे अर्जनवीसाचा परवाना नवा करून घेण्यास सातवी फायनलचा दाखला लागेल. मी सातवी उत्तीर्ण आहे, असे मी कोठेही लेखी दिलेले नव्हते; परंतु कोणी तसे समजल्यास ती समजूत दुरुस्तही केलेली नव्हती. वडील वारल्यामुळे पाचवीतच माझी पाटी सुटली होती. बेचाळिसाव्या वर्षी बाहेरून परीक्षेस बसावयाचे ठरले. भाषेची मला चिंता नव्हती, हिशेबही जमला असता. सामान्य विज्ञान मात्र माझ्यासाठी परमुलुख होता. सायकल घेऊन मी थळला गेलो आणि दार लावून घेऊन मास्तरांना सर्व सांगितले. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "रोज दिवस मावळायच्या आधी या. वारा पडायच्या वेळेला."

वारा पडायची वेळ म्हणजे काय, हाच माझा पहिला धडा. त्यांच्या खिडकीच्या गजाला जुन्या धोतराची एक चिंधी बांधलेली होती. दिवसभर खारा वारा समुद्रावरून येई आणि चिंधी खोलीत फडफडे. तिन्हीसांजेस ती हळूहळू खाली येऊन सरळ लोंबकळे. मास्तर बोट दाखवून म्हणत, "जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं. आत्ता दोघं सारखी झालीत. घटकाभरच पटतं त्यांचं. मग जमीन पुढं निवून जाते, जमिनीकडून समुद्राकडं मतलई वारा सुटतो आणि चिंधी बाहेर जाते." चिंधी लोंबकळत असेपर्यंत आदल्या दिवसाची उजळणी व्हावयाची, ती बाहेर वळली की नवा धडा. उत्तर बरोबर आले तर ते "शाबास" म्हणत नसत. केवळ "पुढे" म्हणत. चुकले तर तोच प्रश्न पुन्हा विचारीत, जणू पहिल्यांदाच.

पदार्थाच्या तीन अवस्था त्यांनी मिठागराच्या पाण्यावर शिकविल्या. बशीत खाडीचे पाणी घेऊन खिडकीत ठेवले. चार दिवसांनी बशीत मीठ उरले. "पाणी कुठं गेलं?" "आटले." "आटलं म्हणजे कुठं गेलं?" उभ्या आयुष्यात मिठागरे पाहिलेला मी, पाणी कोठे जाते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चांगुणाबाईने आणून दिलेल्या बांगड्याचे कल्ले उघडून त्यांनी मासा पाण्यात श्वास कसा घेतो ते दाखविले, आणि मग त्याच बांगड्याचे कालवण आम्ही जेवलो. टीपकागद आणि काचेच्या पेल्याच्या मध्ये वालाचा दाणा धरून मुळाने खाली आणि कोंबाने वर जाणे त्यांनी मला रोज पाहावयास लावले. मी पेला उलटा केला, तरी दोन दिवसांत मूळ वळून पुन्हा खालीच निघाले. "याला कुणी हुकूम केला?" मी विचारले. मास्तर म्हणाले, "हुकूम नाही, बाबूराव. ही त्याची जात."

माझ्या धंद्याची खोड मला नडली ती लेखी उत्तरांत. अर्जनवीस आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडचे लिहितो. त्यामुळे वनस्पतीस पानांचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर मी सवयीने असे लिहिले : 'मौजे थळ येथील आंब्याचे झाड सविनय अर्ज करते की, पाने ही अर्जदाराची चूल असून सूर्यप्रकाशाशिवाय ती पेटत नाही. मुळांनी आणलेले पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू यांपासून अर्जदार आपले अन्न स्वतः शिजविते व कोणाकडेही मागत नाही. सबब पाने ओरबाडू नयेत, ही विनंती.' मास्तर वाचता वाचता इतके हसले की, त्यांना ठसका लागून पाणी द्यावे लागले. शेजारच्या पडवीतून चांगुणाबाई ओरडली, "मास्तर, जीव घ्याल काय त्या बाबूचा?" डोळे पुसून ते म्हणाले, "यात एकही चूक नाही हो. पण परीक्षेत अर्ज करायचा नाही. जे आहे ते सांगायचं. निसर्गाच्या कचेरीत अर्ज चालत नाहीत." तो कागद त्यांनी घडी घालून ठेवून दिला.

आता जे लिहावयाचे, ते जड आहे. कचेरीतला प्रतिष्ठित माणूस रोज सायकल मारीत थळला का जातो, असे लोक विचारू लागले. 'शिकावयास जातो' असे म्हणण्याची माझी छाती झाली नाही. मी सांगून टाकले की, मास्तरांना शाळेत परत जावयाचे आहे, त्यांचा अर्ज चालू आहे. दोन दिवसांत ते थळभर झाले. आम्ही दोघे चहाच्या दुकानासमोरून जात असता एकाने हाक घातली, "काय मास्तर, खुर्ची सुटत नाही वाटतं?" दुसरा म्हणाला, "आता तरी पोरांचे कान सोडा!" दुकान हसले. मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिले. ते समजले होते. हसणाऱ्यांना ते म्हणाले, "खडूची सवय वाईट, बाबांनो," आणि पुढे चालू लागले. वळणावर मी काही बोलणार, तोच त्यांनी विचारले, "द्रवाला आकार असतो का?" मला उत्तर येत होते. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जणू पहिल्यांदाच.

मी उत्तीर्ण झालो. परवाना नवा झाला. मग आठवड्यातून एकदा, मग सणावारी, असे थळला जाणे विरळ होत गेले. त्यांचे कार्ड येई : 'उजळणी राहिली आहे. सवडीने यावे.' मला सवड नव्हती. खरे तर, लोकांना सांगण्यास आता कारणही उरले नव्हते.

शेवटची भेट ओट्यावरच झाली. निधनाच्या दोन महिने आधी मास्तर छत्री टेकीत आले. समोर चार पक्षकार बसलेले. ते माझ्याजवळ वाकून, परंतु स्पष्ट आवाजात म्हणाले, "बाबूराव, मतलई वारा केव्हा सुटतो?" पक्षकार माझ्या तोंडाकडे पाहू लागले. इतक्या वर्षांनी सर्व उघडे पडते की काय, या धास्तीने मी मोठ्याने म्हणालो, "मास्तर, आपल्या नेमणुकीचा कागद अजून वरच आहे. पुन्हा या." ते "बरं," म्हणाले, आणि ओट्याच्या पायऱ्या उतरले. एवढे अंतर चालून ते कशासाठी आले होते, हे मला त्यानंतर आठ दिवसांनी सुचले, आणि तरीही मी गेलो नाही.

गेल्या रविवारी गेलो. चांगुणाबाईने कुलूप काढले. खोली झाडलेली होती. खिडकीत बशी, पेला आणि गजाला ती चिंधी. "हे फडकं काढू काय?" तिने विचारले. मी तिला थांबविले आणि उभ्या उभ्या सर्व सांगितले, अर्ज नव्हता, विद्यार्थी मी होतो, हे सर्व. ती हातातल्या जाळ्याचा दोरा दातांनी तोडीत म्हणाली, "ठावं हाय, बाबू. मी पडवीत बसून ऐकत नव्हती काय? तुमच्या आधी मलाच उत्तर यायचं. मास्तर बोललं, चांगुणे, गावात बोलू नको, त्याची रोजीरोटी हाय. म्हणून गप बसली." मग मास्तरांच्या ट्रंकेतून एक घडी काढून तिने माझ्या हातावर ठेवली. आंब्याच्या झाडाचा अर्ज होता. घड्यांवर कागद विरलेला होता, इतक्या वेळा तो उलगडला गेला होता.

ती चूल पेटवावयास गेली. मी मास्तरांच्या जागेसमोर, माझ्या जागी बसलो. खारा वारा मंदावला, आणि चिंधी खाली येऊन सरळ लोंबकळू लागली. मी मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दिवस मावळल्यावर. जमीन पाण्याआधी निवते म्हणून."

थोड्या वेळाने चिंधी हलली आणि खिडकीबाहेर गेली. उत्तर बरोबर होते. पुढे, असे कोणी म्हटले नाही.