नाकाचा तिसरा थर

शर्यतीच्या गाड्या आखणारा एक म्हातारा पालीत येऊन राहिला होता. उमेदीची वर्षं त्याने परदेशात आराखडे काढण्यात घालवली आणि म्हातारपणी, कलमांच्या बागेतल्या शेडमध्ये, स्वतःची एक चिमुकली गाडी बांधायला घेतली. तिचं नाक त्याला फायबरचं हवं होतं. रत्नागिरीत फायबर म्हणजे मी. बंदराजवळ होड्या बनवतो, आणि या धंद्यात मला कुणी बोट धरून आणलेलं नाही.

"दोनच थर, शेठ," त्याने दहादा बजावलं. "हलकं हवं."

नाक करून दिलं. पुढे गाडी कुठल्याशा शर्यतीत भिंतीला धडकली, एवढंच कानावर आलं. मग त्याने शर्यतींच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. मी ते छापील किमतीला घेतलं, यावरून माझी उत्सुकता समजा. दुकानातच उभ्याने चाळलं. परदेशातल्या एका मेकॅनिकच्या मिशीवर दीड पान. माझ्यावर? 'नाकासाठी एका स्थानिक कारागिराची मदत झाली.' बस्स.

डोकंच फिरलं. स्कूटर काढली ती थेट पालीला.

"साहेब, मिशीला दीड पान आणि मला एक ओळ?"

तो शांतपणे चष्मा पुसत होता. "दुसऱ्या आवृत्तीत दोन ओळी करतो."

"दोन पानं."

"एक परिच्छेद."

"एक पान. त्याखाली मी उतरणार नाही."

"पान लिहायचं तर खरं लिहावं लागेल, शेठ. थर किती घातलेत?"

मी शेडच्या पत्र्याकडे बघायला लागलो.

"तीन," तोच म्हणाला. "कापून बघितलं मी."

"मग? खडकावर आपटली तरी माझी होडी फुटत नाही. तुमचं नाक तरी भिंतीला फुटलं का?"

"नाही ना फुटलं! शर्यतीच्या गाडीचं नाक फुटायलाच हवं. ते चुरगळतं म्हणून चालवणाऱ्याचे पाय वाचतात. माझा पोरगेला ड्रायव्हर महिनाभर लंगडत होता. म्हणून तुम्हाला एका ओळीत लपवलं."

त्या पोराचं ऐकून मी ओशाळलो. पण हातात आलेलं पान सोडायचं कसं?

"लिहा," म्हटलं. "सगळं लिहा. पण हेही लिहा, की तिसरा थर मी फुकट घातला. सगळ्यांनाच घालतो."

त्याला फुकट घातला होता, हे खरं. दोन थरांचं लेचंपेचं नाक माझ्या दुकानातून बाहेर जाताना मला बघवेना. 'सगळ्यांनाच' ही मात्र शुद्ध थाप होती.

"लिहितो," तो म्हणाला, आणि मिशी नसलेल्या ओठांत हसला. ते हसू मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा तो राहिला नव्हता. त्याच्या मुलीने प्रत आणून दिली. माझं पान भरलं होतं, वर चार ओळी जास्तच. माझा राग, स्कूटर, लंगडणारा ड्रायव्हर, सगळं होतं. दोनदा वाचलं. पुस्तक गल्ल्यावर त्याच पानावर उघडं ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

आठवड्याने बुरोंडीचा एक तांडेल नवी होडी सांगायला आला. त्याने बोट ठेवून अख्खं पान वाचलं.

"शेठ, आमच्या होडीला तिसरा थर घाला."

"घालतो. त्याचे वेगळे पडतील."

"वेगळे कसले? हितं छापलंय, सगळ्यांनाच फुकट घालतो म्हणून. गेलेल्या माणसाला खोटं पाडताय होय?"

घातला. काय करणार? पुस्तक लगेच कपाटात टाकलं, पण तोवर ते पान मुरुडपर्यंत पोचलं होतं. होडी सांगायला येणारा आता आधी म्हाताऱ्याची आठवण काढतो, हळहळतो आणि मग तिसऱ्या थराचं बोलतो.

तो हयात असता तर आजच स्कूटर काढली असती. ती 'सगळ्यांनाच'ची ओळ खोडायला लावली असती. त्यासाठी अर्ध्या पानावरसुद्धा उतरलो असतो.