हिरव्या पट्टीतला आवाज

आत्याने केलेलं रफू उजेडात धरूनही सापडत नाही. कोटाच्या कोपराला पडलेलं भोक ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढलेल्या धाग्यांनी असं विणून टाकते, की काम खरंच झालंय ना, असं गिऱ्हाईक दोनदा विचारतं. आत्या त्याचे ओठ वाचते आणि मान डोलावते. लहानपणीच्या एका तापात तिचे कान गेले. बोलायला ती तोवर शिकली होती, म्हणून शब्द राहिले. आवाजाचं माप तेवढं गेलं. कुजबुजायला जावं तर आरोळी निघे. लोक दचकत, मग हसत. हळूहळू तिने बोलणंच सोडलं. आमच्याशी ती हातांनी आणि भुवयांनी बोलते, आणि भुवयांनी ती शेजाऱ्यांबद्दल जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या आतेबहिणीला, ताईला, बाळ झालं. आत्याने पाळण्यावर वाकून हाक मारली, “बाळा.” हाक एवढी मोठी निघाली की बाळ काळंनिळं होईपर्यंत रडलं. त्या दिवसापासून त्या खोलीत आत्याने तोंड उघडलं नाही. बाळाला न्हाऊ घालायची, तेल लावायची, झोपवायची, सगळं मुकाट. ताई एकदा मला म्हणाली, “याला वाटेल, आजी म्हणजे नुसते दोन हात.”

भावोजी जहाजावर नोकरीला. बाळाचं रांगणं त्यांना सलग बघायचं होतं, आणि ताईच्या मोबाइलमध्ये जागा कधीच नसायची. म्हणून कॅमकॉर्डर घ्यायचं ठरलं. भावोजींचा हुकूम एकच होता, झूम मोठा हवा. “बाळ पाळण्यात आहे, क्षितिजावर नाही,” असं ताईने त्यांना कळवलं होतं.

दुकानात आम्ही तिघी गेलो. दुकानदार मोठा हौशी माणूस. त्याने दोन कॅमेरे पुढ्यात मांडले आणि एकाचा झूम दाखवायला समोरच्या इमारतीवरचं कबुतर पडद्यावर आणलं. भिंगाने जवळ आणलेलं चित्र स्वच्छ राहतं, त्यापुढे मात्र कॅमेरा चित्र नुसतं ताणतो, असं त्याने सांगितलं. कबुतराची पिसं विरून चौकोन दिसायला लागले तेव्हा आत्याने चिमटीत हवेतलं कापड ताणून वीण उसवल्याची खूण केली. ताई कॅमेरा धरून दुकानभर चालली, तरी चित्र थरथरलं नाही. आत्याने कौतुकाने बघितलं, पाहुण्यांच्या घरचा अल्बम बघावा तसं.

दुसऱ्या कॅमेऱ्याचा झूम लहान होता. त्याचा पडदा दुकानदाराने फिरवून आमच्याकडे केला. समोर बसलेल्याला स्वतःला बघता येतं, म्हणाला. पडद्यावर आम्ही तिघी दिसलो. खाली कोपऱ्यात एक आडवी पट्टी होती. दुकानदार बोलला की ती लांब होई, थांबला की आखडे. आत्या पुढे सरकली. पट्टी अचानक लांब झाली. आमच्या माना दाराकडे वळल्या तशी आत्यानेही तिकडे बघितलं. बाहेर एक स्कूटर सुरू होत होती.

तिने पट्टीवर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, “ते आवाजाचं आहे, मावशी. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे फार मोठा. त्याकडे कोणी बघत नाही.”

आत्याने पर्समधून सुयांची डबी काढून हलवली. पट्टी नाचली. ती डबी कित्येक वर्षं तिच्याबरोबर अशीच वाजत हिंडत होती. मग आम्ही गप्प बसलो, तरी पट्टीच्या टोकाशी थोडं हिरवं थरथरतच होतं. मी वर बोट दाखवलं. पंखा.

आत्या बराच वेळ वर बघत राहिली. मग आमच्याकडे वळून तिने हातांनी विचारलं, हे सगळं सारखं चालूच असतं?

ताईने लहान झूमवाला कॅमेरा बांधून घेतला.

त्याच संध्याकाळी तो आत्याच्या कामाच्या टेबलावर उभा राहिला, पडदा तिच्याकडे फिरवलेला. तिने दार लावून घेतलं. पट्टी हिरवी राहते याची खात्री करूनच ती बाळाच्या खोलीत गेली असावी. मला आधी तिची आरोळी आणि मग बाळाचं रडणं ऐकू आलं. आत्या परत आली, भिंगावर झाकण लावलं आणि सुईत दोरा ओवायला बसली.

मी झाकण काढलं. पट्टीसमोर कुजबुजले: हिरवी. ओरडले: तेवढीच हिरवी. दुकानदाराला फोन केला तर तो ओशाळला. हा कॅमेरा मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान वाढवतो, ती सोय बंद करा, म्हणाला. ती बंद केली. ताईला, ती बाळाला मारते तशी हाक मारायला लावून मी पातळी ठरवली. पट्टी हिरव्याच्या मध्यावर थांबली.

मग आत्या म्हणाली, “बाळा.”

पट्टी सरळ लाल टोकाला जाऊन आदळली. आपल्या तोंडून काय निघतं हे आत्या पहिल्यांदाच बघत होती. “एवढा?” तिने विचारलं, आणि तो प्रश्नही लाल झाला.

पुढे रोज, कामाच्या मधे मधे, ती पट्टीसमोर बसू लागली. एक हात गळ्यावर, डोळे पडद्यावर. लाल, पिवळा, काहीच नाही, परत लाल. धागा फार ओढला की कापड आक्रसतं, सैल सोडला की भोक दिसतं. तसंच काहीतरी ती गळ्यात शोधत होती.

एका सकाळी तिने स्वतःच कॅमेरा उचलून पाळण्याजवळ नेला आणि पडदा फिरवला. ताई दारात थबकली, मी तिच्या मागे.

“बाळा,” आत्या म्हणाली. हिरवा. जाडसर, थोडा खरखरीत, पण हिरवा.

बाळाने तोंडातला दुपट्याचा कोपरा सोडला. कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडे बघितलं. आवाज आला तिथे, तिच्या ओठांकडे. मग त्याने काहीतरी हुंकारलं.

पट्टी हलली. आत्याचे ओठ तर मिटलेले होते. तिने पट्टीकडे बघितलं, बाळाकडे, परत पट्टीकडे. बाळ पुन्हा हुंकारलं, पुन्हा हिरवं सरकलं. दुकानात पंख्याकडे बघितलं होतं तशीच ती बाळाकडे बघत राहिली.

मग ती हसली, मोठ्याने, जसं येईल तसं. बाळ दचकलं, त्याचा ओठ मुडपला, आणि तेही ओरडलं, हसण्यासारखंच काहीतरी. पट्टीचं काय झालं कोण जाणे. तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.