गोलपोस्टावर फोडलेला नारळ
फुटलेल्या नारळाचा वास आला की माझी डावी भुवई अजून ठणकते. कोल्हापुरात कॉलेजला मुलींचा हॉकी संघ नव्हता आणि पोरांचा गोलकीपर हात मोडून घरी बसलेला, म्हणून नाइलाजानं त्यांनी मला गोलात उभं केलं. सामन्याआधी गोलकीपरनं गोलपोस्टावर नारळ फोडायचा, ही आमच्या संघाची रीत. मी नारळ उचलला, तर कॅप्टननं तो हिसकावून पिशवीत टाकला. "बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतोय." पायाला पॅड होते, डोक्याला काहीच नव्हतं. समोरचा फॉरवर्ड चेंडू सोडून माझ्या गुडघ्यांवरच स्टिक हाणत होता. एका गोलनं आम्ही पुढं असताना शेवटच्या पेनल्टी कॉर्नरचा चेंडू सरळ माझ्या भुवईवर बसला. मी त्या चेंडूवर आडवी पडले, तर त्याच फॉरवर्डनं बरगडीत दोनदा स्टिक घातली. शिट्टी झाली तशी मी उठले आणि पंचांनी ओढून बाजूला काढेस्तोवर त्याच्या नडग्या फोडत राहिले. मग पिशवीतला नारळ काढला, पोस्टावर आपटला आणि रक्ताळल्या हातानं सगळ्यांना खोबरं वाटलं. कॅप्टननंही हात पुढं केला. "बाईमाणसानं फोडलाय. चालंल व्हय तुला?" म्हटलं आणि त्याचा तुकडा त्याच्यासमोरच चावून खाल्ला. आजही दिला नसता.